दाराची बाजू

मुक्कामासाठी भाड्याने घेतलेला ट्रेलर कॅम्पवर यायला अजून अर्धा तास होता, तरी चारुदत्तांनी टेप काढून जागा पुन्हा मोजली. काँक्रीटचा पट्टा नऊ मीटर लांब. एका अंगाला कातळ, अवघ्या सत्तर सेंटिमीटरवर; दुसऱ्या अंगाला ट्रेलरची चाके रुततील अशी वाळू. सारे त्यांनी आखलेल्या नकाशाबरहुकूम.

“बाबा, तिसऱ्यांदा मोजताय,” त्यांचा मुलगा निनाद म्हणाला. “डोंगर सरकणार आहे का?”

“डोंगर नाही सरकत, माहितीपत्रक फसवतं. सात मीटर वीस म्हणजे नुसती पेटी. पुढचा, गाडीला अडकवायचा जोडदांडा धरला की आठ तीस!”

“जोडदांड्याची कथा शारजापासून चौथ्यांदा,” त्याची आई मृणालिनीबाई गाडीतूनच म्हणाल्या.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या, तेव्हा निनादने दोघांना पुण्याहून शारजातल्या अल मजाज भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणले होते. आता त्यांना पुण्याच्या घरी परतायचे होते, नवऱ्याच्या भरवशावर. पण गेल्या महिन्यात चारुदत्तांनी त्यांना रक्तदाबाची गोळी चुकून एकाच सकाळी दोनदा दिली. तेव्हापासून तिकिटांचा विषय निघाला की निनाद फक्त “बघू” म्हणे.

म्हणूनच सुट्टीतल्या या सहलीची आखणी चारुदत्तांनी मागून घेतली होती. ट्रेलर जागेत बसेल का, दारापुढे खुर्चीसाठी दोन मीटरचा घडीचा उतार मावेल का, हे कागदावर सिद्ध करून दाखवायचे होते. तंत्रनिकेतनात शिकवतानाच्या शिस्तीने त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात चौकट काढली. ‘आखले’ यापुढे सही केली. ‘तपासले’ यापुढची जागा कोरी राहिली. निनादला विचारता आले असते; विचारले नव्हते.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर नूरुद्दीन पिकअपमागे ट्रेलर घेऊन आला आणि मागे घेऊ लागला. “आने दो, आने दो,” निनाद हात हलवत होता. ट्रेलर वळला आणि चारुदत्तांनी टेप खाली ठेवली.

दार उजव्या अंगाला होते. कातळाकडे.

“हे काय?” निनाद ओरडला. “भाईसाब, रुको! दरवाजा उधर कैसे? गलत ट्रेलर लाया क्या?”

“सब का उधरही होता है, साहब.”

“खलास! मी ऑफिसला फोन लावतो. आईची खुर्ची कुठून उतरवायची? घुमाके डालो ना.”

“घुमाया तो मेरी पिकअप अंदर फँस जाएगी, पीछे रास्ता नहीं.”

निनादने फोन कानाला लावला. चारुदत्त नुसते गप्प राहिले असते, तर पुरे होते. कंपनीचा दोष ठरला असता, पुण्याचा विषयही शाबूत राहिला असता.

“फोन ठेव, निनाद,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. दार डावीकडे मी धरलं. आपल्याकडे पदपथ डावीकडे, म्हणून दार डावीकडे. इथे गाड्या उजवीकडून धावतात. तीन महिने तुझ्या शेजारी उजव्या बाजूने गाडीत चढतोय मी, आणि तरी...”

निनादने फोन खाली घेतला. “असू दे, बाबा. होतं असं.” हाच मऊ स्वर त्याने गोळीच्या दिवशीही लावला होता. ओरडला असता तर बरे वाटले असते.

“बगलवाला प्लॉट खाली है,” नूरुद्दीन म्हणाला. “उसका पत्थर दुसरी तरफ है. लेकिन छोटा है.”

चारुदत्तांनी टेपचे टोक निनादच्या हाती दिले. शेजारच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघे टेकून त्यांनी आकडा वाचला. “आठ मीटर चाळीस. दहा सेंटिमीटर शिल्लक.”

टोक दगडाखाली दाबून निनाद चालत आला, वडिलांच्या शेजारी वाकला आणि आकडा स्वतः वाचला. “चाळीस,” तो म्हणाला, मग ओशाळला. “म्हणजे... सहज बघितलं.”

“सहज नाही. बघायलाच हवं.” चारुदत्तांनी खिशातला नकाशा काढला, दार खोडून उजवीकडे आखले, नवी लांबी लिहिली. मग पेन मुलापुढे धरले. “इथे सही कर. ‘तपासले’पुढे.”

निनादने सही केली. ट्रेलर बसला, उतारही उघडला. चारुदत्त खुर्ची ढकलू लागले तेव्हा मृणालिनीबाईंनी हळूच विचारले, “आणि पुणे?”

त्यांनी निनादकडे पाहिले. तो ट्रेलरच्या चाकांना अडसर लावत होता.

“तिथे तपासायला कोण आहे?” ते म्हणाले.

मृणालिनीबाईंनी चांगला हात मागे नेला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. चारुदत्तांनी खुर्ची उतारावरून दाराकडे नेली.