सैतानाच्या माथी

शिंपिणीचा उजवा हात प्लास्टरात होता, आणि सगळं चर्च तिच्या डाव्या हाताकडे डोळे लावून बसलं होतं.

तिच्या नवऱ्यानं, गवंड्यानं, नुकतीच उभं राहून साक्ष दिली होती. आवाज कसा, मधात बुडवून काढलेला. "मी नाही हो केलं. सैतानानं माझ्याकडून करवून घेतलं!" मागच्या बाकांवर हळहळ उमटली.

"सैतानाला आता पगार सुरू करा," थोरली बहीण शेजारी पुटपुटली. "गल्लीतल्या सगळ्या पुरुषांची कामं एकटाच ओढतो बिचारा."

शिंपिणीला हसू आलं. बहिणीकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

मग एकमेकांना शांती देण्याची वेळ झाली. शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "तुला शांती असो." पाळक गवंड्याला घेऊन थेट तिच्या बाकापाशी आले. हा हात तिनं धरला की समेट झाला, आणि आजच तिनं बोचकं उचलून त्याच्या घरी जायचं, हे न बोलताच ठरलेलं.

"डावा दे, पोरी," पाळक मायेनं म्हणाले.

"पाळकसाहेब, माझा हात चौकटीत धरून यांनी दार लोटलं, तेव्हा देव घरात होता ना?"

"होता."

"मग त्यानं दार का नाही अडवलं?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"देव माणसाला दावं बांधून चालवत नाही, पोरी. निवड आपल्यावर सोडतो. वाईट निवडलं तरी सोडतो. बांधून घातलेल्याचं प्रेम ते काय प्रेम?"

"म्हणजे दार यांनीच लोटलं."

पाळक खोटं बोलणारे नव्हते. "यानंच," ते हळूच म्हणाले.

"अगं, चारचौघांत माफी मागतोय ना!" गवंडी कुजबुजला. हात अजून पुढेच.

"माफी कुठं? स्वतःचं पाप सैतानाच्या माथी मारताय. ज्यानं केलंच नाही म्हणता, त्याला मी माफ काय करू?" तिचा आवाज शिवणीच्या टाक्यासारखा सरळ निघाला. "निवड तुमच्यावर सोडली, तशी माझ्यावरही सोडलीय. देवानं तुमचं दार नाही अडवलं, माझी वाटही नाही अडवणार. मी येत नाही."

"मग निदान इथून तरी जा!" मागून कोणीतरी खेकसलं.

"का जाऊ?" ती बाकावर आणखी ऐसपैस सरकली. "देव काय यांच्या एकट्याचा आहे?"

बाजापेटीवर गीत सुरू झालं. गवंडी रिकामा हात घेऊन तसाच उभा. पहिली ओळ तिनंच उचलली, सगळ्यांच्या आधी, मोकळ्या गळ्यानं.