बाविसावी ओळ

आमच्या आजोबांचा हात कधी चुकला नाही, असं आई सांगायची. मी तोंडावर हो म्हणायचे आणि मनात पुलाजवळच्या दगडाकडे बोट दाखवायचे. त्या दगडावर एकवीस शिपायांची नावं आजोबांनीच कोरली. वर वीतभर जागा, दोन्ही बाजूंना वीतभर, आणि खाली चक्क दीड वीत मोकळी. अक्षरं कोरणाऱ्यांच्या घरात ही लाज झाकायची कुठे?

साठ वर्षांपूर्वी त्या एकवीस जणांनी दोन दिवस पूल अडवून धरला. समोर हजारोंची फौज, मागे रिकामं होत चाललेलं गाव. त्यांच्यातला एकही परतला नाही. आजी त्याच दोन दिवसांत माझ्या आईला कडेवर घेऊन निसटली, म्हणून आज मी आहे.

यंदा नगरपालिकेने दगड साफ करून अक्षरं ठळक करायचं काम मला दिलं. साहेब म्हणाले, "खाली एखादी वेल काढा की. ओकंबोकं दिसतं." मला तेच हवं होतं. दगड दुकानात आणला, वेल कागदावर काढली, खालचा भाग घासायची तयारी केली.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशी आल्या.

"वेल नको गं काढूस. तिथे माझ्या वडिलांचं नाव यायचंय. तुझ्या आजोबांनी माझ्या आईला शब्द दिला होता."

त्यांचे वडील त्या तुकडीचे आचारी. शेवटच्या सकाळी त्यांनी हातातला डाव टाकून पडलेल्या शिपायाची बंदूक उचलली, हे गाव सोडणाऱ्या शेवटच्या माणसांनी पाहिलं होतं. पण आचारी शिपायांच्या यादीत नव्हते, म्हणून दगडावरही नाहीत. मावशींनी चाळीस वर्षं अर्ज केले. दर वेळी उत्तर एकच, पुरावा आणा.

"मावशी, माझ्या हातात काय आहे? सांगितलेलं कोरते मी," मी जरा खेकसलेच. खरं सांगायचं तर मला माझी वेल सोडवत नव्हती.

"नको कोरूस. घासायच्या आधी एकदा नीट बघ, एवढंच."

बघायला काय जातं? चीर नाही ना, हे मी घासण्याआधी बघतेच. खिडक्या लावल्या आणि दिवा दगडाला टेकवून आडवा धरला. आडव्या उजेडात केसाएवढा ओरखडाही उठून दिसतो. चीर नव्हती. सुईने ओढलेल्या दोन सरळ रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये अक्षरं.

आमच्याकडे नाव आधी सुईने आखतात, मग छिन्नी लावतात. आणि आजोबांचा कडक नियम, आखणी पुसायची ती कोरून झाल्यावरच. वरच्या एकवीस नावांची त्यांनी पुसली होती. बाविसाव्याची तशीच ठेवली होती. कोरताना त्यांना कोणीतरी थांबवलं असणार, पण पुसायला कोणी लावू शकलं नाही. त्यांचा हात चुकला नव्हता. मीच मूर्ख, इतकी वर्षं त्यांना हसत होते.

मी नाव मोठ्याने वाचलं. "वडिलांचंच," म्हणत मावशी दगडाजवळ वाकल्या.

मी साहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा चढवला, नाव वाचलं, मान खाजवली. "पण यादीत नाही ना."

"साहेब, तुमच्या पत्रात काय लिहिलंय? 'दगडावरील सर्व अक्षरे ठळक करावीत.' ही दगडावर आहेत की नाहीत?"

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग त्या रेघांवरून हळूच बोट फिरवलं.

"आहेत," ते म्हणाले. "करा ठळक. वरून कोणी विचारलं तर मी बघतो."

वेलीचा कागद केराच्या टोपलीत गेला. तीन दिवसांनी शेवटचं अक्षर कोरून झालं, तेव्हा मी घासायचा बारीक दगड ओला करून मावशींच्या हातात दिला.

"आखणी पुसा आता."

त्यांचा हात मागे गेला. "राहू दे गं. साठ वर्षं तेवढंच तर होतं त्यांचं."

"मावशी, कोरून झालंय. आता पुसलं तरी नाव जात नाही."

त्यांनी एकेक अक्षर बोटाने चाचपलं, शिवण पक्की आहे ना हे बघतात तसं. मग पदराने डोळे टिपले आणि त्या पुसायला लागल्या.