जुळ्यांचा वाढदिवस

रेडिओवर स्वतःच्या निधनाची बातमी आली तेव्हा धाकटी निळ्या झग्याच्या बाहीला इस्त्री फिरवत होती.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि आवाज वाढवला. निवेदक आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात सांगत होता, की आजच्या तारखेला जन्मलेल्या कलावंतांमध्ये आपल्या सगळ्यांच्या लाडक्या जुळ्या बहिणीही आहेत. मात्र त्यांच्यातली धाकटी नुकतीच आपल्याला सोडून गेली. थोरलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ या आणि धाकटीची आठवण काढू या.

"अगं बाई," धाकटी स्वतःशीच म्हणाली. "मी गेले?"

बाही जळाली नाही हेच नशीब.

हा कार्यक्रम रोज सकाळी लागायचा. त्या त्या दिवशी जन्मलेले जॅझवाले, ब्लूजवाले, हॉटेलांत आणि नाचघरांत गाणारे, ट्रम्पेट फुंकून गाल सुजवून घेणारे, ड्रम बडवून शेजाऱ्यांशी वैर घेणारे, अशा सगळ्यांचे वाढदिवस तिथं साजरे व्हायचे. निवेदकानं एक शिरस्ता घालून घेतला होता. माणूस हयात असेल तर त्याची पहिली रेकॉर्ड लावायची, गेला असेल तर शेवटची. त्यामुळे नेहमीच्या श्रोत्यांना फार काही सांगावं लागत नसे. सुई टेकली की समजायचं, आहे की गेला.

जुळ्यांची आतापर्यंत दरवर्षी पहिलीच रेकॉर्ड लागत आली होती, दोघींच्या आवाजातली. त्या सकाळी धाकटी निळा झगा घालायची, केस नीट बसवायची आणि कुणाकडे पाहुणी म्हणून गेल्यासारखी रेडिओसमोर अदबीनं बसायची. पलीकडच्या शहरात ताईही ऐकत असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेवढं एक गाणं होईपर्यंत दोघी एका ठिकाणी असायच्या. बाकी वर्षभर अबोला.

आता खरं सांगायचं तर त्या जुळ्या नव्हत्याच. ताई वर्ष-दीड वर्षानं मोठी. पण दोघींची चण सारखी, नाकं सारखी. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाला वाटलं, बहिणींपेक्षा जुळ्या जास्त खपतील. वाढदिवस मग एकच हवा, म्हणून ताईचा घेतला. नावंही छापली नाहीत, नुसतं 'जुळ्या बहिणी'. वरच्या आवाजात गाते ती थोरली, खालच्या आवाजात साथ देते ती धाकटी, एवढीच लोकांना ओळख. धाकटीचा खरा वाढदिवस थंडीत कधीतरी येऊन जायचा. सुरुवातीला त्या दिवशी ताई तिचा कान ओढून म्हणायची, "आज माझा दिवस परत कर बघू."

रेडिओवर गाणं सुरू झालं. धाकटीला पहिल्या सुरालाच कळलं की ही शेवटची रेकॉर्ड. तिची एकटीची.

हीच ती, जिच्यावरून सगळं बिनसलं. गाणं दोघींचंच, पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ताई बाळंतपणाला गेलेली होती आणि कंपनी थांबायला तयार नव्हती. धाकटी एकटी गेली. खालचा आवाज सोडून दिला आणि ताईचा वरचा आवाज स्वतः गायली. ताईला ते रेकॉर्ड दुकानात आली तेव्हा कळलं. "माझा आवाज घेतलास तो घेतलास, निदान विचारायचंस तरी," एवढंच ती बोलली, पण ज्या आवाजात बोलली तो धाकटीच्या जिव्हारी लागला. आपण कंपनीची अडचण भागवली, आणि हिला साधं 'छान झालं' म्हणवत नाही? मग हिनं फोन करायचा की तिनं, या हट्टात ताईचं बाळ शाळेत गेलं, कॉलेजात गेलं, त्याच्या डोक्याला टक्कलही पडलं असेल. धाकटीनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटचं कडवं जवळ आलं तसे तिचे कान तापले. नेहमीच तापायचे. त्या कडव्याआधी सगळी वाद्यं क्षणभर थांबत, आणि किती थांबायचं हे ताई ठरवायची. ती हनुवटी इतकीशी खाली आणायची, की दोघींनी सूर लावायचा. त्या दिवशी धाकटीनं सवयीनं डावीकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती. ती भांबावली आणि तिनं सूर उशिरा उचलला. ड्रमरनं ड्रमवर तारेच्या ब्रशचा हलका हात फिरवत वेळ मारून नेली. साहेब म्हणाला, असू दे, कुणाच्या लक्षात येतंय. धाकटीच्या मात्र जन्मभर लक्षात राहिलं.

गाणं संपलं. तिला रडू यायला हवं होतं, पण गंमत बघा, तिला हसू फुटलं. एकदम एक विचार डोक्यात आला होता. ताईनंही हे आत्ता ऐकलं असणार.

आता काय करशील, ताई? आता कुणावर रुसशील?

कुणी मेल्यावर तरी माणूस फोन करतोच. तिच्या घरच्यांना, शेजारच्यांना, कुणाला तरी विचारतोच, की काय झालं होतं हो तिला? आणि मग इकडून आपण म्हणायचं, "काही नाही गं, इस्त्री करत होते." या कल्पनेनं धाकटी इतकी खूश झाली, की तिनं झगा घातला, दोन कप धुऊन पालथे ठेवले, कशाला दोन ते तिचं तिला माहीत, आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. आपण फोन करावा असंही एकदा मनात आलं. नंबर पाठ होता. पण मेलेल्या माणसानं फोन कसा करायचा? आज पाळी ताईचीच होती.

दहा वाजले, अकरा वाजले. खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला दुकान उघडताना शटर वर ढकलतो त्याचा आवाज आला. त्यानं बातमी ऐकली नव्हती, किंवा ऐकून वरच्या बाईशी तिचा संबंध जोडला नव्हता. कुणीच जोडला नव्हता. जिन्यात पाऊल वाजलं नाही. धाकटीनं दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते पाहिलं. चालू होता. दुपारी तिनं उभ्यानं पाव खाल्ला, म्हणजे घंटा वाजली तर धावायला नको.

हळूहळू हसू विरलं आणि त्याच्या जागी राग येऊन बसला. एवढं दगडाचं काळीज? आपल्या मरणाचीही हिला पर्वा नाही? मग ताईवर काढता येत नव्हता तो राग तिनं रेडिओवर काढायचं ठरवलं. पर्स उचलली, निळ्या झग्यावर कोट चढवला आणि निघाली.

रेडिओच्या इमारतीत टेबलाशी बसलेल्या रखवालदारानं काय काम आहे असं विचारलं.

"तक्रार आहे," धाकटी म्हणाली. "मी मेले असं तुम्ही सकाळी सांगितलंत. मी मेलेली नाही."

रखवालदारानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि आत फोन लावला.

निवेदक स्वतः जिना उतरून आला. आवाजावरून तिनं उंच, रुबाबदार माणूस कल्पिला होता. हा आपला बुटका, कोपरं विरलेल्या स्वेटरमधला, चष्मा कपाळावर चढवलेला. धाकटीला पाहून तो अर्ध्या जिन्यावरच थबकला. मग धावत येऊन त्यानं तिचे दोन्ही हात धरले. तो इतका ओशाळला, आणि त्याहून इतका आनंदला, की धाकटीचा निम्मा राग तिथंच गळाला. त्यानं तिला वर आपल्या खोलीत नेलं. छतापर्यंत रेकॉर्डी, एक खुर्ची, एक स्टूल. खुर्ची तिला दिली. नोकरीला लागल्यापासून आपण दरवर्षी तुमची रेकॉर्ड लावतो, पण तुम्ही कधी समोर बघायला मिळाला नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. उद्या सकाळी सगळ्यात आधी दुरुस्ती करतो, हात जोडून माफी मागतो, म्हणाला.

"मागाल हो," धाकटी म्हणाली. "पण आज दिवसभर मी फोनजवळ बसून होते. म्हटलं ताई ऐकेल, फोन करेल. नाही केला तिनं."

निवेदक चष्मा पुसत म्हणाला, की त्यानं काही वाऱ्यावर बातमी दिली नव्हती. गेल्या आठवड्यात खुद्द मुलाचाच फोन आला होता. आई गेली, ती पूर्वी गायची, जुळ्या बहिणींपैकी एक, तिच्या वाढदिवसाला आठवण काढाल का, असं विचारत होता.

"कुणाच्या मुलाचा?"

"तुमच्या."

"मला मूलबाळ नाही," धाकटी म्हणाली.

निवेदकाचा हात चष्म्यावर तसाच राहिला. खोलीबाहेर कुणीतरी दार लोटलं, बोलत बोलत लांब गेलं. धाकटीनं पर्स मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवली, मग परत मांडीवर घेतली.

"मी त्याला विचारलं होतं हो," निवेदक म्हणाला. "थोरली की धाकटी? तो म्हणाला, जुळ्यांत कसली थोरली नि धाकटी? घरी या विषयावर बोलणंच नव्हतं म्हणे. मावशी कुठं असते तेही त्याला माहीत नाही."

मग त्यानं राहिलेलं सांगितलं. मुलानं एक कॅसेट पाठवली होती. आई संध्याकाळी कानाला हेडफोन लावून एकटीच गात बसायची, काय ऐकते ते कधी सांगायची नाही. एकदा त्यानं गुपचूप टेप चालू करून ठेवला होता. निवेदकानं ती ऐकली. त्यात खालचा आवाज होता. जुळ्यांमध्ये खालचा आवाज धाकटीचा, हे तर रेकॉर्डी ऐकणारं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून.

"लावा," धाकटी म्हणाली.

"आत्ता नको. घरी जा, जरा सावरा. मी सोडायला येतो."

"लावा."

आधी नुसती खरखर आली, मग खुर्ची करकरल्याचा आवाज. मग खालचा आवाज सुरू झाला. म्हातारा, थोडा कापणारा. वाद्य एकही नाही, वरचा आवाज नाही, नुसती साथ; मधे मधे मोकळी जागा सोडत चाललेली. धाकटीची साथ ती. तिच्याच वळणांची, ती जिथं श्वास घ्यायची तिथंच श्वास घेतलेली. पण गळा तिचा नव्हता. तो ओळखायला तिला पहिला शब्दही पुरा ऐकावा लागला नाही. तिनं पर्स घट्ट धरली.

धाकटीच्या त्या रेकॉर्डवर जे नव्हतं, नेमकं तेवढंच ताई गात होती.

शेवटच्या कडव्यापाशी आवाज थांबला. थांबला तो थांबलाच. निवेदक पुढे वाकला.

"इथं जरा गडबड आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्या बाकीच्या रेकॉर्डींवर एवढं थांबत नाहीत. टेप अडकली असावी, किंवा त्या विसरल्या असतील."

आवाज परत सुरू झाला आणि कडवं पुरं झालं. पुन्हा खरखर.

"विसरली नाही," धाकटी म्हणाली. "चुकले मी होते. माझ्या एकटीच्या रेकॉर्डमधे मी इथं सूर उशिरा उचलला. ती कानाला तेच लावून बसली होती. ती माझ्यासाठी थांबलीये."

सकाळी त्यानं स्वतःच तर ती रेकॉर्ड लावली होती. निवेदकानं हातातला चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला, आणि मग विचारलं, की उद्या दुरुस्ती करायची तर थोरल्या बाईंची शेवटची रेकॉर्ड कोणती धरायची?

"ही," धाकटी म्हणाली. आणि मग, "परत लावा."

त्यानं कॅसेट मागे घेतली. खरखर, खुर्ची, मग ताई. धाकटी या वेळी डावीकडच्या, ताईच्या जागी असल्यासारखी थोडी तिरपी वळून बसली. गाताना ताई उभी राहायची, तशी ताठ. ओठ तिनं उघडले नाहीत. कडव्यामागून कडवं गेलं. शेवटचं आलं, आणि ताई थांबली.

धाकटीनं तिला थोडा वेळ थांबू दिलं. मग हनुवटी इतकीशी खाली आणली, आणि ताईनं सूर लावला.