प्रार्थनाघराची धून

"डावीकडची भिंत फोडा," शिझुए म्हणून गेली, आणि म्हटल्याबरोबर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

इमारतीच्या कचऱ्याच्या कोपऱ्यावर एबिनासान आपली पिशवी कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली सरकवत होते. ट्रामचे निवृत्त चालक, तिच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. इतक्या वर्षांत दोघांचं 'गार पडलंय' आणि 'ज्वालामुखीची राख पडतेय' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"कुठली भिंत?"

"घड्याळाच्या मनोऱ्यातली. आठवडाभर तुम्ही तिथेच अडकलाय. म्हणजे... संगीत तेच वाजतं."

एबिनासान कानापर्यंत लाल झाले. "अरेरे! तिकडे ऐकू येतं होय? माफ करा हं. भिंती म्हणजे नुसता कागद आहे या इमारतीत." पिशवी हातात धरूनच ते दोनदा वाकले.

"नाही नाही, येऊ द्या. मीही खेळायचे 'काळी गढी'. सगळे भाग."

'काळी गढी' ही व्हिडिओ गेमची मालिका कितीतरी वर्षं चालू होती. दर थोड्या वर्षांनी नवा भाग यायचा, गोष्ट मात्र एकच. पिशाच्च सरदार थडग्यातून उठतो, आणि भाला घेतलेला एक तरुण एकटाच त्याच्या गढीत शिरून खोलीमागून खोली शोधत वर चढतो.

"मग सांगा, सगळ्यांत चांगला भाग कुठला?" एबिनासाननी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"लोक तिसरा म्हणतात."

"लोकांचं सोडा हो. टोकियोचे लोक आपली रताळ्याची दारू सोडा घालून पितात. तुमचा कुठला?"

"सातवा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "सातवा! माझी मुलगी म्हणते, बाबा, तो फुकट वाटला तरी कोणी नेणार नाही."

"मारामारी कमी आहे ना त्यात."

"आणि चालणं फार. मी जन्मभर ठरलेल्या रुळांवरून गाडी हाकली. मला बरं वाटतं, हवं तिकडे वळता येतं. तुम्हाला काय आवडतं त्यात?"

"प्रार्थनाघर. तिथे कोणी अंगावर येत नाही. मी त्या भालेवाल्याला तिथे नुसता उभा करून ठेवायचे आणि जेवायला बसायचे. ती धून ऐकत."

"गडी बिचारा!" एबिनासान हसले. "वर सरदार दात परजून बसलाय आणि हा इथे गाणं ऐकतोय."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे दगड ढासळल्याचा आवाज आला. मग पायऱ्या चढण्याचा. आणि मग आवाज किंचित वाढला. अगदी किंचित. शिझुए इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या तपासायची. एका निरीक्षणावर विश्वास ठेवायची नाही. पण दुसऱ्या दिवशीही आवाज तेवढाच होता, तिसऱ्याही. तिने जेवायचं बुटकं टेबल भिंतीजवळ सरकवलं.

कचऱ्याच्या कोपऱ्यावर पुन्हा भेट झाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डावीकडेच होती हो." तिने मान हलवली. आवाजाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बाराचा भोंगा झाला. त्यानंतर थोड्याच वेळात, ती जेवत असताना, पलीकडे प्रार्थनाघराची धून सुरू झाली. एरवी एबिनासान तिथून धडधडत निघून जायचे. आज धून संपली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. मग परत. पावलं नाहीत, उडी नाही, भाल्याचा सपकारा नाही. गडी उभा होता.

शिझुएचा बशी धुणारा हात थांबला. हे आपल्यासाठी आहे, हे तिला कळलं. तिने चहा केला, भिंतीला पाठ टेकून बसली आणि डोळे मिटले. नवरा गेल्यापासून तिच्यासाठी कोणी काही लावून ठेवलं नव्हतं. चहा संपल्यावर तिने आणखी एक केला.

बऱ्याच वेळाने खाडीपलीकडचा ज्वालामुखी गुरगुरला. इमारतभर गॅलऱ्यांची दारं सरकली, बायका वाळत घातलेले कपडे ओढायला धावल्या. शिझुएनेही आपले कपडे आत टाकले. मग वाकून शेजारी पाहिलं. एबिनासानचे पांढरे सदरे काठीवरच होते आणि त्यांच्या खांद्यांवर राख बसत चालली होती.

"एबिनासान! राख पडतेय हो!"

आत धून पुन्हा पहिल्यापासून लागली.

तिने जाऊन घंटी वाजवली, दार ठोठावलं. मग ती गॅलरीत परतली. दोन घरांच्या गॅलऱ्यांमधल्या पातळ फळीवर 'संकटात फोडा' असं लिहिलेलं होतं. तिने कपड्यांच्या काठीने ती फोडली.

ते चटईवर कुशीवर पडले होते. कंट्रोलरची वायर मनगटाभोवती गुंडाळली गेली होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, पण श्वास चालू होता. एक डोळा तिच्याकडे पाहत होता.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, "केव्हा पडले? वेळ कळल्याशिवाय मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध देता येत नाही."

"छे हो, एकट्या माणसाचं कोणाला कळणार!" तळमजल्यावरच्या तोकुनागासान म्हणाल्या. इमारतीच्या मंडळाच्या त्या प्रमुख.

"बाराच्या भोंग्यानंतर अर्ध्या तासाच्या आत," शिझुए म्हणाली.

"नक्की?"

"तेव्हापासून धून बदलली नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

त्याने ते हातमोज्यावर लिहून घेतलं. औषधाची वेळ अजून टळली नव्हती, हे शिझुएला माहीत होतं. किती वाया गेली, हेही तिला माहीत होतं.

रुग्णवाहिका गेल्यावर तोकुनागासाननी कपाळ चोळलं. "आधी ते गाणं बंद करा बाई. डोकं उठलंय."

शिझुएने कंट्रोलर उचलला.

"अहो, वायर ओढा की सरळ!"

"ओढली तर त्यांचं आजचं सगळं जाईल. खेळ सेव्ह करायची खोली गढीत खाली आहे, जरा लांब."

"आत्ता? तुम्ही आत्ता खेळणार?"

"त्यांचं आहे ते."

तोकुनागासाननी चटईवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं. "मी खाली जाऊन त्यांच्या मुलीला फोन करते," त्या म्हणाल्या. "ओसाकाहून यायचं म्हणजे तिला वेळ लागेल."

गड्याच्या अंगात जेमतेम एका फटक्यापुरता जीव उरला होता. शिझुएची बोटं खेळ विसरली होती. ती लढलीच नाही. वटवाघळं आली की मागे सरायची, ती गेली की चार पावलं चालायची. पूल आला. जिना आला. प्रार्थनाघराची धून मागे राहिली.

शेवटी ती खोली आली. गडी एका गुडघ्यावर बसला. आधीचं पुसून हे ठेवायचं का, असं पडद्याने विचारलं. तिने होकाराचं बटण दाबलं.

दगडी दार लागल्याचा आवाज झाला, पलीकडे ऐकू जाईल एवढा मोठा. भिंतीपलीकडे तिचं घर होतं, आणि तो ऐकायला तिथे कोणी नव्हतं.