शोरूममधून आणली तशी

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पिशवीवरूनच बटणं दाबायची. ती नीट दाबली जात नाहीत, मग माझा नवरा उठतो, टीव्हीपर्यंत चालत जातो, चॅनेल बदलून येतो. पण पिशवी काढत नाही. नवा मिक्सर खोक्यात आहे आणि ज्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागतं तो जुना ओट्यावर आहे. सोफ्याला कव्हर आहे. कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. पाहुणे यायचे असले की चादर काढायची, गेले की घालायची. सोफा कोणत्या रंगाचा आहे हे मला आठवत नाही.

अशा माणसाच्या घरात गाडी घ्यायची ठरली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही, इथे मला खरं बोलायचंय.

गाडी हवी होती मला. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. अंधाऱ्या खोलीत बसून, भिंगं बदलत, 'हे स्पष्ट दिसतंय की ते?' असं विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्या मालकांनी शहराबाहेर, हायवेलगतच्या नव्या वसाहतीत दुसरं दुकान काढलं आणि मला म्हणाले, "बाई, ते तुम्ही सांभाळा. सगळा कारभार तुमच्या हाती. फक्त जायची-यायची सोय तुमची तुम्ही बघा." तिथून परतीची शेवटची बस दुकान बंद व्हायच्या आधीच निघून जाते. महिनाअखेरपर्यंत मी हो म्हटलं नाही, तर दुकान मालकांच्या पुतण्याला जाणार होतं. या पुतण्याला जवळचा नंबर कुठला आणि लांबचा कुठला, हे अजून कागदात बघून सांगावं लागतं.

मला ते दुकान हवं होतं. इतकं हवंसं मला आजवर काही वाटलं नव्हतं. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडे होतंच, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेलं. तोवर ते मी बँकेत ओळख पटवायला वापरत होते.

पैसे दोघांनी मिळून घालायचे, असं ठरलं. आठवड्याभरात गाडी कुणासाठी घ्यायची हे घरात सगळे विसरले आणि एकच प्रश्न उरला. नवी घ्यायची की जुनी?

असा प्रश्न पडला की आमच्याकडे भाऊजी येतात. भाऊजी म्हणजे माझ्या नणदेचे यजमान. जन्मभर त्यांनी स्कूटर चालवली, पण गाड्यांतलं त्यांना जे कळतं ते गाड्या बनवणाऱ्यांनाही कळत नसावं. उंटावरचा शहाणा निदान उंटावरूनच बोलतो. हे सोफ्यावर पाय पसरून, दोनदा चहा पिऊन बोलतात.

"जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं," भाऊजी म्हणाले. "चांगली असेल तर माणूस विकेल कशाला?"

"बरोबर," नवरा म्हणाला. त्याचं हे 'बरोबर' मी लग्नापासून ऐकते आहे. माझ्या वाक्यानंतर ते एकदाही आलेलं नाही.

"नवी घेतली तर जपत बसावं लागेल," मी म्हटलं.

"जपू की!" नवरा म्हणाला. "जपायलाच तर घ्यायची!"

मग गाडी ठेवायची कुठे यावर दोघांचं जुंपलं. झाडाखाली नको, पक्षी घाण करतात. भिंतीलगत नको, पोरं चेंडू मारतात. रस्त्यावर तर नकोच नको. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. शेवटी गाडी भाऊजींच्या इमारतीखाली ठेवावी असं ठरत आलं. तिथून ती आणायला मला रोज बस पकडावी लागली असती, पण हा मुद्दा कुणाला सुचला नाही आणि मीही सांगितला नाही. शहाण्यांच्या बोलण्यात आपण मध्ये पडू नये.

रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या विक्रेत्याने नवऱ्याला इंजिन दाखवलं, भाऊजींना डिकी दाखवली आणि मला आरसा दाखवला. "मॅडम, हा खास तुमच्यासाठी," म्हणत त्याने काचेवरची झडप खाली ओढली. झडपेच्या आत आरसा होता. त्यात माझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

"ही वळायला जागा किती घेते?" मी विचारलं.

त्याने भाऊजींकडे बघून उत्तर दिलं. भाऊजींनी समजल्यासारखी मान हलवली.

चालवून बघायला म्हणून दाराशी वेगळी गाडी ठेवली होती. दिवसभर वाटेल तो येऊन ती चालवून बघत असतो. मी चावीसाठी हात पुढे केला, तर नवऱ्याने माझं मनगटच धरलं. "अगं, कोरी गाडी आहे ती! लागलीबिगली कुठे म्हणजे?"

तो स्वतः चालवून आला. मुंगीलाही त्रास होणार नाही अशी चालवली आणि उतरल्यावर रुमालाने दाराची कडी पुसली. मी तिथे उभी राहून बघत होते आणि मला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. नवी गाडी येईल, रोज पुसली जाईल, झाकली जाईल, आणि मी बसथांब्यावर उभी असेन. आमच्या घरात नवं याचा अर्थ एवढाच, की हात लावू नको.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. "जुनीच घ्यायची. ठोकलेली चालेल, रंग उडालेली चालेल. माझे पैसे जुन्या गाडीला. नवीसाठी छदामही मिळणार नाही."

नवऱ्याने उष्टं खायला सांगितल्यासारखा चेहरा केला. पण त्याच्या एकट्याच्या पैशांत नव्या गाडीची चाकंच आली असती. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. ज्या तोंडाने दुसऱ्याचं दुखणं म्हणाले होते त्याच तोंडाने म्हणाले, "शहाणा माणूस नवी घेतच नाही मुळी! आणि मी अशी जुनी शोधून काढलीय की नवीने लाजावं. शोरूममधून आणली तशी आहे!"

ती गाडी एका गल्लीच्या टोकाला, बैठ्या घराच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये होती. भाऊजींच्या ओळखीतले एक गृहस्थ वारले होते, त्यांची. त्यांच्या बायकोने आम्हाला शेडचं कुलूप काढून दिलं. केस पिकलेली, हळू बोलणारी बाई. मी त्यांना काकू म्हटलं. गाडीवर जाड कव्हर होतं, ते काढल्यावर पातळ कव्हर, ते काढल्यावर धुऊन धुऊन मऊ झालेली चादर. चादर निघाली आणि फिकट हिरवी गाडी चकाकली. आतल्या सीटांवर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं, पिवळं पडलेलं, कडांना तडकलेलं.

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नात आलं नव्हतं.

तो आणि भाऊजी शेडमध्ये गाडीभोवती फिरत राहिले. मी काकूंबरोबर पायरीवर बसले. मनातून मला हसू येत होतं. माझ्या नवऱ्यासारखा आणखी एक नग जगात होऊन गेला तर!

"फिरलात की नाही गाडीतून?" मी विचारलं.

काकू आठवत राहिल्या. "भाचीच्या लग्नाला निघालो होतो एकदा. पण तिथे गाडी उन्हात ठेवावी लागली असती. मग बसने गेलो. रविवारी हे बाहेर काढायचे. पुसायचे, चालू करून बघायचे आणि परत आत ठेवायचे."

"आणि तुम्ही? शिकला नाहीत?"

"शिकवतो म्हणाले होते. जरा जुनी होऊ दे, म्हणजे लागलं-खुपलं तरी काही वाटणार नाही, असं म्हणायचे. पण ती जुनी झालीच नाही हो." काकू हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हाही गाडी इथेच होती. चावी तिथे खिळ्याला. मी टॅक्सी बोलावली. टॅक्सीला यायला वेळ लागला."

मेलेल्या माणसाला हसू नये म्हणतात. मला तर त्याचा संताप आला. तेवढ्यात शेडमधून माझ्या नवऱ्याची आनंदाने फुटलेली हाक आली. "अगं, बघ तरी! प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! आपणही नाही काढायचं!"

परतताना तो बसमध्ये मला म्हणाला, "तू सध्या बसनेच ये-जा कर. इतकी जपलेली गाडी आहे. तुझ्यासाठी पुढेमागे एखादा खटारा बघू."

"आणि मालकांना काय सांगू? महिना संपत आलाय."

"त्या दुकानाचं एवढं काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "त्यांचा पुतण्या आहे ना?"

जुनी म्हणून घ्यायला गेलो आणि नवीपेक्षा नवी पदरात पडली. आगीतून उठून फुफाट्यात. मोडता घालावा तर दुसरी गाडी शोधेपर्यंत पुतण्या गल्ल्यावर बसला असता. ही निदान हाती तरी आली असती, चावीचं पुढे बघता आलं असतं. मी मुकाट्याने माझ्या वाटचे पैसे दिले आणि सही केली.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी मेकॅनिक नवी बॅटरी बसवून, गाडी चालू करून निघून गेला. राहिलं एवढंच, की ती आवारातून मागे घेत फाटकाबाहेर काढायची. नवरा स्टिअरिंगवर बसला. भाऊजी मागे उभे राहिले आणि एका दमात "येऊ द्या, येऊ द्या, थांबा, थांबा!" असं ओरडू लागले. गाडी हातभर मागे जायची, नवरा उतरून डावीकडचा खांब बघून यायचा, मग उजवीकडचा, मग गाडी हातभर पुढे घ्यायचा. शेजारपाजारचे लोक गॅलरीत जमले. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी तो इंजिन चालू ठेवूनच उतरला आणि दोघं मिळून विती टाकत फाटक मोजू लागले. फाटक रुंद की गाडी रुंद, यावर वाद सुरू झाला. गाडी याच फाटकातून आत आली होती, हे दोन्ही विद्वानांच्या लक्षात आलं नाही.

मी जाऊन स्टिअरिंगवर बसले. खाली प्लास्टिक करकरलं. सीट पुढे ओढली, आरसे माझ्यापुरते करून घेतले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा होती. मी "बाजूला व्हा" म्हटलं आणि क्लच हळूच सोडला. भाऊजींनी उडी मारली. वयाच्या मानाने चांगली मारली. गाडी सरळ मागे जात राहिली, दोन्ही खांबांना न शिवता, अर्धी फाटकाबाहेर आली.

"अगं, अगं!" करत नवरा खिडकीशी धावला. त्याने एक खांब पाहिला, दुसरा पाहिला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"शाब्बास! जरासुद्धा लागली नाही!" तो म्हणाला. "बस्स, उतर आता. पुढे मी घेतो."

मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि क्लच सोडला. चुकून नव्हे, घाबरून नव्हे. डावा खांब आरशात मला स्वच्छ दिसत होता. आधी कर्र आवाज झाला, मग पत्रा रडल्यासारखा लांब आवाज, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. मग मी गाडी पुरती फाटकाबाहेर काढली आणि थांबले.

गॅलरीत कुणीतरी "अरेरे" म्हणालं. नवरा धावत पलीकडे गेला आणि ओरखड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. दोन्ही दारांवरचा हिरवा रंग लांबच्या लांब निघाला होता आणि खालचा पत्रा दिसत होता.

"मी म्हणतच होतो," भाऊजी म्हणाले. ते काही म्हणत नव्हते.

"वाट लावलीस!" नवरा किंचाळला. "काय राहिलं आता हिच्यात? काय जपायचं आता? जा, ने तिला कुठे न्यायचीय तिकडे! तूच चालव! मी हातसुद्धा लावणार नाही!"

"नका लावू," मी म्हटलं. सगळी गॅलरी ऐकत होती, त्यामुळे शब्द फिरवायची सोय राहिली नव्हती.

तो आणि भाऊजी तावातावाने बसथांब्याकडे निघाले. जाताना नवऱ्याने दोन्ही कव्हरं आणि ती चादर मात्र काखोटीला मारून नेली.

काकू पायरीवरून उठून गाडीपाशी आल्या. त्यांची माफी मागायला हवी, असं मला वाटलं. त्यांच्या माणसाने जन्मभर जपलेली वस्तू मी दोन मिनिटांत खरवडली होती. काकू वाकल्या, ओरखड्यावरून एक बोट फिरवत पार टोकापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. मग माझ्या खिडकीशी येऊन, गॅलरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "मला हे कधी सुचलंच नाही गं."