झिजलेली बोटं

व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी चौथ्यांदा यंत्राची काच पुसली. "आता जरा दाबून ठेवा." तिने दहाही बोटं जीव खाऊन दाबली, पण मेलं यंत्र ठसे घ्यायला तयारच होईना.

परदेशात शिल्पकला शिकायला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. आता शेजारच्या देशातल्या प्रदर्शनात तिचं काम निवडलं गेलं होतं. काम म्हणजे आईचा हात, प्लास्टरमधला. तीन महिने तिने तो पॉलिशपेपरने घासला, तोही हातमोजे न घालता. मोज्यांतून खडबड कळत नाही, हा तिचा हट्ट. प्लास्टर गुळगुळीत झालं आणि तिच्या बोटांवरच्या रेषाही त्याबरोबर गेल्या.

"कातडी भरून आली की या. दोन-तीन आठवड्यांनी," बाई म्हणाल्या. प्रदर्शन शनिवारी होतं.

बाहेर पायरीवर बसून तिने आईला फोन लावला.

"अगं, जन्मभर भांडी घासून माझी झिजली नाहीत, तुझी बरी झिजली!" आई म्हणाली. "तेल चोळ जरा."

तेवढ्यात प्रदर्शनवाल्यांकडून फोटो आला. तिने पाठवलेला खोका पोचला होता. टेबलावर आईचा हात उताणा पडला होता आणि बोटांवर, घासून झाल्यावर तिने सुईने कोरलेली एकेक रेष शाबूत होती.

तिने फोटो आईला पाठवला.

फोटो बघून आई म्हणाली, "चला, मी तरी पोचले."