दोन बोटं खाली

"थांबवा इथेच," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

लिफ्टमनने हँडल सोडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट उभी राहिली. दाराच्या जाळीपलीकडे नुसती भिंत, पोपडे आलेली. त्याला वाटलं, बाईंना घेरी आली असेल. या जुन्या लिफ्टमध्ये येते कुणाकुणाला. पण बाई चांगल्या ठणठणीत होत्या. त्यांनी बॅगेतून पिवळा पडलेला एक कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. अकरा वर्षांपूर्वी त्याने दिलेला जबाब होता तो. तिसऱ्या मजल्यावरचे ड्राफ्ट्समन बेपत्ता झाले त्या दिवशी ते वर गेले की खाली हे आपल्याला ठाऊक नाही, कारण साडेचार ते साडेपाच आपण चहाला गेलो होतो, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली त्याची सही.

"तासभर चहा?" बाई म्हणाल्या. "बादलीने पीत होतात का?"

त्याने कानावर हात ठेवायची तयारी केलीच होती. पण बाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. पाचव्या मजल्यावरच्या मामाचा ड्रायव्हर फुटला होता. मामाशी त्याचं बिनसलं, तो पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार होऊन सगळं भडाभडा ओकला. गावाबाहेरच्या बंद खाणीत खणल्यावर हाडं निघाली, आणि हाडांबरोबर चष्म्याची एक काडी, तांब्याच्या तारेने बांधलेली. ती तार ड्राफ्ट्समनच्या बायकोने स्वतःच्या हाताने बांधली होती. तिने ओळखली. आता मामाचा वकील म्हणत होता की खून ड्रायव्हरनेच केला आणि बिचाऱ्या मालकावर ढकलला. ड्राफ्ट्समन मामाच्या घरी गेला आणि तिथून कपाटात घालून बाहेर आणला गेला, हे सांगू शकणारं माणूस मामाच्या टोळीबाहेर उरलं होतं एकच, आणि ते या घटकेला लिफ्टचं हँडल धरून घामाने निथळत होतं.

मामाविषयी बोलायचं म्हणजे तोंड विटाळायचं. कुणाचा मामा, कुठला मामा, कुणाला ठाऊक. थिएटरबाहेर ब्लॅकने तिकिटं विकता विकता हा मोठा झाला. मग थिएटरसमोरची गाड्या लावायची जागा त्याची झाली, मग बाजारातले हमाल त्याचे झाले, मग गोदामं. प्रत्येक वेळी कुणीतरी आडवं यायचं आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचा पाय तरी मोडायचा नाहीतर तो रातोरात बिऱ्हाड हलवायचा. पुढे या मेल्याला इमारतींची चटक लागली. जुनी, मोक्याची इमारत हेरायची, वरच्या मजल्यावर एक जागा घ्यायची आणि तिथून खालपर्यंत भाडेकरू हुसकावत यायचं. चौदा खटले झाले त्याच्यावर, आणि चौदाही वेळा साक्षीदारांना एकाएकी विसरायचा आजार जडला. कोर्टातून सुटून बाहेर पडताना तो दारावरच्या शिपायाची विचारपूस करायचा, गुडघा काय म्हणतो म्हणून. हीच त्याची तऱ्हा. समोरच्याचं काय दुखतं ते त्याला आधी कळायचं.

या इमारतीत तो पाचव्या मजल्यावर आला आणि वर्षभरात इमारत धोकादायक असल्याचा दाखला त्याने पैदा केला. ड्राफ्ट्समन म्हणजे काडीपैलवान, फुंकर मारली तर पडेल असा. पण नकाशात खोटी रेघ त्याला सहन व्हायची नाही. त्याने इमारतीचा खांब न् खांब मोजला, नकाशे काढले आणि दाखला खोटा असल्याचं लिहून घरोघरी सह्या गोळा केल्या. मामाने त्याला बोलावणं धाडलं, की वर या, बसून बोलू. साडेचारला लिफ्टमननेच त्याला वर सोडलं होतं. काखेत नकाशांची गुंडाळी होती आणि तो जाता जाता म्हणाला होता, आज याचा काय तो सोक्षमोक्ष लावतो.

साडेपाचला पाचव्या मजल्यावरून बेल आली. मामाच्या दोन माणसांनी एक उभं लाकडी कपाट ढकलत लिफ्टमध्ये आणलं. पाठोपाठ मामा. "रिकामं आहे रे, पॉलिशला चाललंय," तो आपणहून म्हणाला.

ही लिफ्ट बटणाची नव्हती. कधीकाळी कापडाचे गठ्ठे चढवायला बसवलेली, खाट मावेल एवढी, आणि हँडलवर चालणारी. मजला आला की हँडल अंदाजाने सोडायचं. किती आधी सोडायचं ते आतल्या वजनावर. वजनाचा अंदाज चुकला की उतरताना लिफ्ट मजल्याच्या खाली जाऊन बसते आणि उतरणारा ठेचकाळतो. लिफ्टमनचा हात असा बसला होता की माणसं आत आली की मनगटाला आकडा कळायचा, डोक्याला नंतर. त्या दिवशी त्याने तीन माणसं आणि एक रिकामं कपाट धरून हँडल सोडलं, आणि तळमजल्याला लिफ्ट दोन बोटं खाली बसली. दोन बोटं खाली, आणि आणखी एक गोष्ट झाली. ती त्याने स्वतःलासुद्धा कधी धड सांगितली नाही. त्याने दार उघडलं आणि कपाट गेलं.

दुसऱ्या दिवशी मामाने त्याच्यासाठी स्टूल धाडलं. गादीचं, पाठीला टेकू असलेलं. उभ्याने पोटऱ्या भरून येत असतील, असा निरोप. खरंच भरून यायच्या. लिफ्टमन तीन दिवस त्या स्टुलाकडे पाहत उभा राहिला आणि चौथ्या दिवशी बसला. मग अकरा वर्षं बसला.

मामाच्या माणसांनी आवई उठवली की ड्राफ्ट्समन ऑफिसातल्या कुणा बाईबरोबर पळाला. लोकांना काय, चघळायला मिळालं. सासरच्यांनी त्याच्या बायकोलाच बोल लावला, की नवरा सांभाळता आला नाही. ती एका शाळेत कारकून होती. रोज सव्वासहाला लिफ्टमध्ये शिरायची आणि एकच विचारायची, "भाऊ, काही कळलं?" लिफ्टमन सांगायचा, नाही वहिनी. त्याची बायको वारली तेव्हा या वहिनींनीच महिनाभर त्याला जेवण आणून दिलं होतं. त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची उठबस त्यांनीच केली. आणि हा रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसून त्यांना सांगायचा, नाही वहिनी. भित्रा म्हणा, नमकहराम म्हणा. तो स्वतःला दोन्ही म्हणून चुकला होता.

इन्स्पेक्टरबाईंना त्याने मधेच थांबवलेल्या त्या लिफ्टमध्येच कपाटाचं आणि दोन बोटांचं सांगितलं. मग तिसऱ्या मजल्यावर गेला. वहिनींपुढे उभं राहून तेवढंच बोलला. वहिनींनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "कपाटात घातलं तेव्हा हे गेलेलेच असणार, भाऊ. तुम्ही ओरडून काय परत आले असते?"

त्याने मान हलवली. हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही, अशी नुसतीच. त्या एका वाक्यावर त्यांनी त्याला माफ केलं होतं, आणि ते वाक्य खरं नव्हतं.

कोर्टात मामाच्या वकिलाने त्याची पार सालटी काढली. तुम्ही लिफ्टमन आहात की वजनकाटा, असं विचारून हशा पिकवला. अकरा वर्षांनी बोटं आठवतात, मग त्या दिवशी भाजी काय खाल्ली होती ते सांगा. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिफ्ट प्रत्यक्ष पाहायची ठरवली.

त्या सकाळी सगळी इमारत जिन्यात आणि तळमजल्याच्या पॅसेजमध्ये दाटली होती. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. मामाला चार शिपायांनी आणलेलं. सुटलेलं अंग, पांढरे कपडे, चेहऱ्यावर तीच घरगुती आपुलकी. लिफ्टमन शेजारून गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, "स्टूल बरं आहे ना रे?" लिफ्टमन तसाच पुढे जाऊन लिफ्टमध्ये उभा राहिला.

ठरलं असं, की पाचव्या मजल्यावर लिफ्टमनने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागे तसंच एक कपाट चढवतील, त्यात काय ते त्याला सांगणार नाहीत. न्यायाधीश आणि दोन्ही वकील आत उभे राहतील, कपाट रिकामं धरूनच त्याने हँडल सोडायचं आणि खाली आल्यावर आत काय ते सांगायचं. पहिल्या फेरीला लिफ्ट तळमजल्याला अलगद टेकली. रिकामं आहे साहेब, तो म्हणाला. रिकामं निघालं. दुसऱ्या फेरीला लिफ्ट खाली बसली. एक बोट, तो म्हणाला, पस्तीसेक किलो असेल. उघडलं तर वाळूची दोन छोटी पोती. जिन्यात कुजबुज झाली. मामाच्या वकिलाचा चेहरा आंबला. तिसऱ्या फेरीआधी त्याने वर आपल्या कारकुनाच्या कानात काहीतरी सांगितलं.

तिसऱ्यांदा लिफ्ट खाली आली, दोन बोटं खाली बसली.  लिफ्टमनचा हात हँडलवर तसाच होता. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, यात माणूस आहे."

मामाच्या वकिलाने कपाटाचं दार उघडलं. आत त्याचा टकला कारकून घामाघूम होऊन उभा. लोक खो खो हसले. वहिनीसुद्धा हसल्या; कितीतरी वर्षांनी. न्यायाधीशांनी विचारलं, कसं कळलं?

"पोतं लिफ्टबरोबर थांबतं, साहेब. माणूस लिफ्ट थांबल्यावर थांबतो. तोल सावरतो ना. ते हँडलला लागतं."

वकिलाची फजिती झाली होती आणि फजिती झालेला माणूस गप्प बसला तर ना. तो उसळून म्हणाला, एवढं कळतं तर सांगा, त्या दिवशी काय होतं, पोतं की माणूस?

सरकारी वकील चमकले. मामाचं हसू जागच्या जागी गोठलं. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. लिफ्टमनने वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं उरलेलं होतं. लक्षात नाही म्हणून सांगितलं असतं तर ते तसंच राहिलं असतं. वहिनी सव्वासहाला लिफ्टमध्ये येत राहिल्या असत्या, भाऊ म्हणत राहिल्या असत्या. आणि मामाच्या वकिलाने हात वर केले असते, की कपाटात पुस्तकं असतील, भांडी असतील, कुणाला ठाऊक. पंधराव्यांदा सुटला असता तो.

"माणूस होता, साहेब," लिफ्टमन म्हणाला. "तोल सावरत होता."

कोर्टाचा लेखनिक लिहायचा थांबला. न्यायाधीशांनी त्याला ते शब्द जसेच्या तसे सांगून उतरवून घेतले. जिन्यावरून वहिनी पुढे आल्या. शिपाई बाजूला झाला.

"जिवंत होते?"

"हो, वहिनी."

"आणि तुम्ही दार उघडून दिलंत."

 त्या वळल्या आणि जिना चढू लागल्या.

मामाला जन्मठेप झाली. माणूस त्याच्या देखत, त्याच्या ताब्यात, जिवंत इमारतीबाहेर नेला गेला हे शाबीत झालं, आणि मग त्याच्या वकिलाच्या सगळ्या कोलांट्या फुकट गेल्या. निकाल लागला तेव्हा हा पठ्ठ्या शिपायाला म्हणे सांगत होता की तुरुंगात गार फरशीवर आपली कंबर धरेल. धरो. कायमची धरो. त्याची विचारपूस करायला तिथे कुणी नसो. इमारतीतल्या लोकांनी लिफ्टमनच्या पाठीवर थापा मारल्या, इन्स्पेक्टरबाईंनी हात मिळवला, मुलगी जावयासह येऊन अभिमानाने रडून गेली. त्याने स्टूल उचललं आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवून आला. आता तो उभाच असतो. पोटऱ्या भरून येतात.

सव्वासहाला वहिनी येतात. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, हातात पिशवी असते. तो दार उघडून धरतो. त्या लिफ्टवरून पुढे जातात आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागतात. लिफ्ट एका बाजूने जिन्याला लागूनच आहे, मधे फक्त जाळी. तो रिकामी लिफ्ट त्यांच्या पावलांच्या बेताने हळूहळू वर नेतो. त्या पहिल्या मजल्यावर दम खायला थांबल्या की थांबतो, दुसऱ्यावर थांबल्या की थांबतो. एकदाही जाळीतून इकडे पाहत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर तो त्यांच्या आधी पोचतो आणि दार उघडून उभा राहतो. त्या समोरून जातात, कुलूप काढतात, आत जाऊन कडी लावतात.

तो खाली वाकून पाहतो. लिफ्ट अगदी मजल्याच्या बरोबरीने उभी असते. मग तो दार लावतो.